किल्ल्याच्या पायथ्याचे शेत

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले, म्हणजे वसई-विरारच्या जुन्या घरांच्या पडवीत, चाळींच्या जिन्याखाली आणि नव्या इमारतींच्या आवारात, जिथे एरवी मुलांना माती आणू दिली जात नाही अशा कोपऱ्यांतही, दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि तांबडी माती यांचा ढीग जमू लागतो; आणि घरात पाण्याचा पेला जागेवर ठेवावयाचा ज्यांना कंटाळा, तीच मुले बादल्या वाहत, कोपरापर्यंत हात चिखलात बुडवून, शाळेची सुटी कारणी लावताना दिसतात. किल्ला उभा राहतो. बुरूज, तटबंदी, महादरवाजा, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि वाटावाटांवर मावळे, ही सारी मांडणी पाहावयास मोठी माणसे येतात, बुरुजाचे कौतुक करतात, दरवाजा गोमुखी असावयास हवा होता अशी दुरुस्तीही सुचवितात आणि निघून जातात. मी मात्र गेली काही वर्षे किल्ल्याचा माथा पाहण्यापूर्वी पायथा पाहू लागलो आहे. कारण तेथे, बहुधा सर्वांत धाकट्या भावंडाच्या हवाली केलेल्या हातभर जागेत, एक शेत असते.

बुरूज बांधावयाचा मान थोरल्यांचा. धाकट्याच्या हाती हळिवाची पुडी देऊन त्याला पायथ्याशी बसविले जाते, आणि या वाटणीत, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, धाकट्याचा मोठा लाभ होतो. थोरल्यांचे काम संध्याकाळपर्यंत संपते. त्याचे काम दुसऱ्या सकाळी सुरू होते. हळीव ओल्या मातीवर नुसता भुरभुरावयाचा असतो, दाबावयाचा नसतो. पाणी लागताच दाण्याभोवती बुळबुळीत वेष्टन तयार होते आणि दाणा उभ्या उतारावरही चिकटून बसतो, हे त्याला बोटानेच कळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरा कोंभ, मग दोन इवली पाने. मोहरीला थोडा अधिक वेळ लागतो, मेथीला त्याहून अधिक, आणि भाताला तर आधी भिजवून मोड आणल्यावाचून दिवाळीची मुदत गाठताच येत नाही. प्रत्येक बीजाचा स्वभाव निराळा आणि त्याची घाई करून उपयोग नाही, हा कृषिविद्येचा पहिला पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकाविना, पाच-सहा वर्षांच्या मुलाला, उकिडवे बसल्या बसल्या मिळून जातो.

विरारच्या पश्चिमेकडील एका वसाहतीत मी पाहिलेला प्रसंग येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. सातेक वर्षांची एक मुलगी आपल्या पायथ्याच्या शेताला पाणी घालीत होती. तिने किल्ल्याच्या कड्यावरून तांब्या ओतला; पाणी वेगाने खाली आले आणि पेरलेली मोहरी, वरची मऊ माती आणि काडीकाडीने उभारलेले कुंपण घेऊन थेट खंदकात जाऊन थांबले. ती रडली नाही, परंतु ओठ आवळून उभी राहिली. तिच्या शेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचे आयुष्य आगाशीकडच्या वाडीत गेले आणि ज्यांच्या नावाचा सातबारा आता दुसऱ्याच्या नावे फिरला आहे, ते जिन्याच्या पायरीवर बसून हे पाहत होते. ते उठले, तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, “बाळा, पाण्याला उतार हवा असतो आणि भाताला सपाटी. दोघांचं पटवून द्यायचं, ते काम शेतकऱ्याचं.” तिने विचारले, “मग आजोबा, सगळं सपाट केलं तर पाणी खाली कसं जाणार?” त्यावर त्यांनी तोंडाने उत्तर दिले नाही. उतारावर बोटांनी तीन पायऱ्या पाडल्या, प्रत्येक पायरीच्या कडेने मातीचा कंगोरा उचलला, त्या कंगोऱ्याला एका बाजूस करंगळीएवढे तोंड ठेवले आणि तिला वरच्या खाचरात हलकेच पाणी सोडावयास सांगितले. वरचे खाचर भरले, तोंडातून पाणी दुसऱ्यात उतरले, दुसरे भरल्यावर तिसऱ्यात. मुलीने तो प्रयोग, मी मोजला म्हणून सांगतो, अकरा वेळा केला. चौथ्या वेळी तिने बांधाचे तोंड स्वतः बदलले, कारण समोरासमोर तोंडे ठेवली तर पाणी खाचरात न पसरता सरळ पळते, हे तिच्या ध्यानात आले होते.

कोकणपट्टीतील भातशेतीचे सारे मर्म त्या तीन पायऱ्यांत होते. बांध, खाचर, पाण्याची वाट आणि वरच्याचे पाणी खालच्याला देण्याची रीत, म्हणजेच शेजारधर्म. आणि ज्यावरून गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या फिर्यादी चालल्या तो बांध कोरण्याचा तंटासुद्धा. हे ज्ञान फळ्यावरच्या आकृतीने दिले असते तर तिने वहीत उतरवून घेतले असते. हाताने दिल्यामुळे तिने त्यात दुरुस्ती केली.

ही विद्या वसईच्या मुलांना शिकवावी लागावी, हेच काळाचे विलक्षण उलटणे आहे. वसई हा मुलूखच मुळी बागायतीचा. समुद्रालगतच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळा-आगाशीपासून नंदाखाल, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गिरिजपर्यंत, रेताड जमिनीवर केळीच्या, पानवेलींच्या, भाजीपाल्याच्या आणि फुलांच्या वाड्या. पूर्वेकडे पावसाच्या पाण्यावर भाताची खाचरे. खाडीच्या कडेला खाजणे आणि मिठागरे. वाडीत विहीर, विहिरीवर रहाट, आणि सखल जागी पावसाचे पाणी धरून ठेवणारे बावखल. राजेळी केळे उन्हात वाळवून केलेली सुकेळी येथून दूरदूर जात, आणि पहाटेच्या गाडीने भाजीचे व फुलांचे भारे घेऊन दादरच्या बाजारास जाणाऱ्या बायका विरार-वसईच्या फलाटांवर अद्यापही दिसतात. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा कोट जिंकला, पुढे इंग्रजी अंमल आला. राजवटी बदलल्या, जमाबंदीची दफ्तरे बदलली, परंतु वाडीतल्या आळ्यात पाणी सोडणारा माणूस बदलला नव्हता. तो बदलला गेल्या चार-पाच दशकांत. मुंबईची वस्ती उत्तरेस सरकत आली, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले, गुंठ्याचा भाव पिकावरून ठरेनासा झाला. १९९० च्या आगेमागे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे वाढती बांधकामे आणि पाणीउपसा यांविरुद्ध जो लढा दिला, त्यामुळे पश्चिमेकडील हिरवा पट्टा पुष्कळसा वाचला. पण २००९ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरातील बहुसंख्य मुलांचा त्या पट्ट्याशी संबंध रिक्षातून जाता-येता दिसणाऱ्या दृश्यापुरता उरला आहे.

त्या लढ्याचे मूळ पाण्यात होते, आणि ते पाणी मुलांना दाखविता येते, हे मला एका काचेच्या पेटीने शिकविले. मासे ठेवण्याची जुनी पेटी घ्यावी, तीत समुद्रावरची स्वच्छ रेती भरावी, आणि मीठ घालून तांबडे रंगविलेले पाणी रेतीच्या निम्म्या उंचीपर्यंत मुरू द्यावे. हा झाला समुद्र, जमिनीखाली शिरलेला. मग वरून झारीने सावकाश साधे पाणी शिंपडावे. हा झाला पाऊस. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड, म्हणून गोडे पाणी वर तरंगून राहते, आणि काचेतून रंगाची सीमारेषा स्पष्ट दिसते. आता काचेला लागून एक पोकळ नळी रेतीत खोचावी, ती आपली विहीर, आणि पिचकारीने तीतून थोडे थोडे पाणी ओढावे. थोडे ओढले तर पाणी स्वच्छ येते. हव्यासाने भराभर ओढले तर खालचा रंग नळीकडे उंचावत येतो आणि पिचकारी तांबूस होते. किनाऱ्यावरच्या वाड्यांतील विहिरी खाऱ्या का झाल्या, बावखल बुजविले तर काय बिघडते, रहाटाने उपसणारा शेतकरी नकळत किती सावध होता, हे सारे प्रश्न दहा वर्षांची मुले त्या पेटीपुढे स्वतःहून विचारतात. हा प्रयोग पाहिल्यावर एका मुलाने विचारले की मग आमच्या इमारतीच्या कूपनलिकेतून काय येते. त्याच्या आईने उत्तर दिले नाही. तिने ती पिचकारी हातात घेऊन प्रयोग पुन्हा केला.

लहान मुलांच्या शिक्षणात शेती असावी, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेब यांच्या जोडीला कृषीचे प्राथमिक ज्ञान त्यांनी मागितले होते, आणि एवढ्यावर न थांबता, विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकविता यावे म्हणून एक लहानसे नमुनेदार शेत जोडून दिल्यास ते निश्चित हितावह होईल, असा अभिप्राय दिला होता. ज्या विद्येवर सरकारचा महसूल उभा आहे तिचा एक धडाही रयतेच्या मुलाला शाळेत मिळू नये, याची चीड त्या मागणीच्या मुळाशी होती असे मला वाटते. पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. नमुन्याच्या शेताची मागणी मात्र कागदावर राहिली, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती दिवाळीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी हातभर जागेत अजाणता पुरी होत आहे.

पाश्चात्य देशांत जर्मनीच्या फ्रोबेलने १८३७ पासून बालशिक्षणाचा जो उपक्रम मांडला त्याला त्याने बालकांची बाग असेच नाव दिले आणि मुलांना लावण्या-वाढविण्यास खरे वाफे दिले. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडून हाताला बुद्धीचे साधन मानले. हे सर्वश्रुत आहे. आपल्या जिल्ह्यात काय घडले ते तितके श्रुत नाही, म्हणून तेथे थोडे रेंगाळतो.

माँटेसरींची पद्धत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरात आत्मसात करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी आधी दादरला शिशुविहार चालविले. पण ही विद्या नगरातील सुस्थितांपुरती राहते ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले, आणि त्यांच्या सोबतीस आल्या अनुताई वाघ, बालपणीच वैधव्य आलेल्या, स्वकष्टाने शिकलेल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या मध्यावर, गेले. या कार्यात पहिली अडचण साधनांची. परदेशी नमुन्याची लाकडी ठोकळ्यांची साधने महाग, आणि वारल्यांच्या मुलांना अपरिचित. तेव्हा शंखशिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या आणि माती हीच साधने झाली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. तिला अंगणवाडी म्हटले, आणि पुढे १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा हा शब्द देशभर पोहोचला. मुले गुरे राखावयास जातात म्हणून वर्ग चुकतात, तर वर्ग कुरणात भरविला, ती कुरणशाळा. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या; अनुताई १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत याच कार्यात राहिल्या.

या कार्याची थोरवी मी एका गोष्टीत मानतो. त्यांनी मुलाला त्याच्याच अंगणातल्या वस्तू ज्ञानाची साधने म्हणून परत दिल्या. ज्या वारल्याच्या घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आवणी, कापणी आणि मळणीची चित्रे निघत, त्या घरच्या मुलाला शेती शिकवावयाची नव्हती; ती त्याला येतच होती. आपल्याला जे येते ते ज्ञान आहे, एवढेच त्याला कळावयाचे होते. वसई-विरारच्या सदनिकेतील मुलाची गोष्ट उलटी आहे. त्याला आपण ज्ञानी आहोत हे ठाऊक आहे, भात मात्र पिशवीतून येतो. दोघांसाठी साधन एकच, माती. पण दुसऱ्याला ती आधी हातात घ्यावी लागते, आणि पुष्कळ घरांत त्यासाठी आईची परवानगी लागते.

याच वसईत दिवाळीनंतर दीड-दोन महिन्यांनी आणखी एक प्रतिकृती उभी राहते. ख्रिस्ती वाड्यांतून नाताळचा गोठा मांडतात; गावोगावची तरुण मंडळी मोठमोठे गोठे उभारतात, आणि येशूजन्माच्या त्या देखाव्यात बेथलहेमच्या जोडीला वसईचे कौलारू घर, विहीर, बैल, पेंढ्याची उडवी हे सारे येते. काही घरी गव्हाणीच्या भोवती धान्य पेरून कोवळ्या रोपांची हिरवळ उगवितात. नवरात्रातील घटाभोवतीची धान्ये, किल्ल्यावरचा हळीव आणि गोठ्याभोवतीचे अंकुर, हे मला एकाच भूमीतून आलेले आचार वाटतात. नागपुराकडे तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल मिरवितात, घाटावर बलिप्रतिपदेच्या सुमारास अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, बेंदराला मातीचे बैल घडवितात. मूल हाताने शेती घडविते आणि थोर माणसे तिला नमस्कार करतात, अशी ही परंपरा. तिच्यातला शिक्षणाचा अंश जपणे हे शिक्षकाचे काम होते.

ते नीट झालेले नाही. एका शाळेतील प्रदर्शनात मला परीक्षक म्हणून बोलाविले होते. विषय होता ‘आमची शेती’. पहिले पारितोषिक ज्या प्रतिकृतीस द्यावे असा आग्रह झाला ती थर्माकोलची होती. हिरव्या रांगोळीचे पीक डिंकाने चिकटविलेले, प्लास्टिकची गाय, निळ्या कागदाची नदी, आणि सारे इतके सुबक की मुलाचा हात तिला लागल्याची एकही खूण नव्हती. शेजारी एका ताटलीत, एका मुलाने आणलेला, कडेने तडे गेलेला चिखलाचा वाफा होता. त्यात पाच-सहा भाताची रोपे, दोन वाकलेली. त्याला विचारले, तडे का गेले? तो म्हणाला, “रविवारी पाणी घालायला विसरलो.” त्या एका वाक्यात त्या दालनातील सर्व शेती होती. मी त्याला पारितोषिक देऊ शकलो नाही, याचे मला आजही वाईट वाटते. जी प्रतिकृती वाळू शकत नाही, वाहून जाऊ शकत नाही, जिला चिमणी टिपू शकत नाही, ती शेतीची प्रतिकृती नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि बाजारात मिळणारे तयार किल्ले व प्लास्टिकचे गवत मुलांच्या हातून दिवाळीतला सर्वांत मोलाचा भाग काढून घेत आहेत.

प्रमाण शिकविण्यासही या शेतासारखे साधन नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन. मुलाने एक फूट लांब व एक फूट रुंद वाफा केला, की तो एक गुंठा धरावा; असे ४० वाफे, म्हणजे आठ फूट बाय पाच फूट जागा, हा झाला एक एकर. या मापात दोन फुटी बांध पाऊण इंचाचा आणि उभा माणूस दोन इंचांच्या आसपासचा. किल्ल्यावरचा चार इंची मावळा शेतात उतरविला तर अकरा फुटांचा होईल, म्हणून शेतकरी मुलालाच मातीचा करावा लागतो. एवढे केल्यावर वडीलधाऱ्यांनी त्याला आपल्या सदनिकेचे क्षेत्र विचारावे. ५०० चौरस फुटांचे घर त्या मापात अर्ध्या वाफ्यातही मावते. मग शेजारच्या वाफ्यात भात पेरला की, एवढ्या जागेत काय उगवते, ते घरच्या मुलांना आपोआप दिसते.

या साऱ्याला मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. आठ दिवसांत हिरवे होणारे शेत पाहून मुलाची अशी समजूत होऊ शकते की पीक आठ दिवसांत येते. त्याला सांगावे लागते की जूनमध्ये राबात बी पेरतात, तीनेक आठवड्यांनी रोपे उपटून मुठी बांधतात, जुलैच्या पावसात कमरेत वाकून आवणी होते, बेणणी होते, आणि कापणी येते ती आता, दिवाळीच्या तोंडावर. कर्ज, मजुरी, अवकाळी पाऊस आणि भावाची पडझड मातीच्या वाफ्यात बसत नाहीत. म्हणून पायथ्याचे शेत केलेल्या मुलाला याच सुटीत खऱ्या शेतावर न्यावे. वसई-विरारहून ते अद्याप फार दूर नाही, पूर्वेकडे काही मैलांवर कापलेल्या भाताचे भारे बांधावर दिसतात. ज्याने बोटाने बांध घातला आहे ते मूल खऱ्या बांधावरून चालताना खाली पाहते. इतर मुले भ्रमणध्वनीत छायाचित्र घेतात. हा फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

तेव्हा पालकांस आणि शिक्षकांस माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या दिवाळीत किल्ल्याची जागा आखताना आधी पायथा आखावा आणि उरेल त्यात किल्ला बसवावा. वसुबारसेच्या आठ-नऊ दिवस आधी मूठभर भात रात्रभर भिजत घालून, ओल्या फडक्यात बांधून, उबेला ठेवावे. मोड फुटले की मुलाच्या हाताने चिखलावर फोकून द्यावे, कोकणातले शेतकरी मोड आलेले बी, म्हणजे रहू, पेरतात तसे. मोहरी चार दिवस आधी, हळीव वसुबारसेला. पाणी रोज मुलानेच घालावे, आणि तो विसरला तर कोणी त्याच्या माघारी घालू नये. दिवाळी संपल्यावर किल्ला मोडतात. तेव्हा भाताची रोपे न फेकता एखाद्या डब्यात, चार अंगुळे चिखल आणि दोन अंगुळे पाणी ठेवून, खिडकीत उन्हाला लावावीत. हिवाळ्यात वाढ संथ असते, पण नेटाने पाणी दिले तर रोपे तग धरतात, आणि एखाद्या डब्यात लोंबीही धरते.